३ एप्रिल १९०५ : बोका ज्युनियर्सची स्थापना

ब्युनोस आयरिसमधील बोका या बंदरालगतच्या कामगार वस्तीत इटालियन स्थलांतरितांच्या पाच मुलांनी हा फुटबॉल क्लब काढला. बंदरात आलेल्या स्वीडिश जहाजाच्या झेंड्यावरून त्याने निळा-पिवळा रंग घेतला, असे सांगतात. १९३१मध्ये अर्जेंटिनात व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा पहिले विजेतेपद बोकानेच पटकावले. 'ला बोंबोनेरा' हे त्याचे उभ्या चढाच्या प्रेक्षागारांचे स्टेडियम २५ मे १९४० रोजी खुले झाले. १९८१चे लीग विजेतेपद दिएगो मॅराडोनाच्या साथीने मिळाले. २०००मध्ये टोकियोत रेआल माद्रिदला २-१ असे नमवून बोकाने इंटरकॉन्टिनेंटल चषक जिंकला. कट्टर प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेटचा जन्मही याच वस्तीतला. पुढे तो उत्तरेकडच्या सधन भागात गेला आणि शहराची दोन तटांत विभागणी झाली.