दोन स्पर्धक, एक सरळ रेषा: ड्रॅग रेसिंग आणि भिवंडीची बिनजोड

१. भातकापणी झाली की भिवंडी-कल्याण परिसरातील मोकळ्या मैदानांवर ‘बिनजोड’ शर्यती रंगतात. दोन छकडे, सरळ धावपट्टी, शेवटी निशाण. वळण नाही, फेऱ्या नाहीत. निकाल काही सेकंदांत. मोटारींच्या जगात हीच रचना ‘ड्रॅग रेसिंग’ या नावाने ओळखली जाते.

२. ड्रॅग रेसिंगमध्ये दोन वाहने स्थिर अवस्थेतून सुटतात. रूढ अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. अंतिम रेषा आधी ओलांडणारा पुढच्या फेरीत जातो, हरलेला बाद होतो. वेग किती झपाट्याने वाढतो, यावर सारे अवलंबून असते.

३. या खेळाची मुळे १९३० च्या दशकातील दक्षिण कॅलिफोर्नियात आहेत. तेथील तरुण जुन्या मोटारी स्वतः सुधारून म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या तळांवर त्यांचा वेग आजमावत. दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद फोफावला आणि शहरांच्या रस्त्यांवर उतरला. अपघात झाले, लोकमत विरोधात गेले.

४. उपाय सापडला तो विमानांच्या धावपट्ट्यांवर. १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळावर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन करून वाहनांचे वर्ग आणि सुरक्षेचे नियम ठरवले.

५. आरंभी निशाणवाला झेंडा दाखवी. १९६३ मध्ये त्याची जागा दिव्यांच्या खांबाने, ‘ख्रिसमस ट्री’ने घेतली. त्यातून एक गंमत घडते: धावण्याची वेळ मोटार हलल्यापासून मोजली जाते. त्यामुळे हिरवा दिवा लागताच सुटलेला चालक अधिक वेगवान प्रतिस्पर्ध्यालाही हरवू शकतो.

६. २००८ मध्ये स्कॉट कालिटा यांचा पात्रता फेरीत मृत्यू झाला. त्यानंतर सर्वांत वेगवान वर्गांचे अंतर १००० फुटांवर, म्हणजे सुमारे ३०५ मीटरवर आणण्यात आले. पन्नास वर्षांहून जुनी परंपराही एका मृत्यूपुढे आखूड झाली.

७. बैलगाडा शर्यतीची कसोटी न्यायालयात लागली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला, पण उच्च न्यायालयाने परवानग्या रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

८. साम्य येथे संपते. मोटारीचा चालक धोका जाणून, स्वतःच्या इच्छेने आरंभरेषेवर येतो. बैलाला कोणी विचारत नाही. म्हणूनच जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकीय तपासणी आणि बैलाला इजा करण्यास मनाई या अटींना विशेष अर्थ आहे. बैलाच्या बाजूने बोलणारे तेवढेच असते.

९. आज महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग स्पर्धा भरत आली आहे. महामार्गावर रात्री दुचाकी पिटाळणाऱ्यांनी मात्र हा इतिहास आठवावा: रस्ता सोडला, तेव्हाच हा खेळ झाला.