खंड्या, टिपू आणि अकबर

फेब्रुवारी 2024 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या जलपायगुडी येथील पीठापुढे एक विलक्षण प्रकरण आले. त्रिपुरातील सिपाहीजला प्राणिसंग्रहालयातून सिलिगुडीस आणलेल्या सिंहाचे नाव अकबर आणि सिंहिणीचे नाव सीता असे होते. विश्व हिंदू परिषदेने त्यास हरकत घेतली. न्यायमूर्तींनी सरकारी वकिलास विचारले की, स्वतःच्या पाळीव प्राण्यास आपण एखाद्या देवाचे किंवा पैगंबराचे नाव ठेवाल काय? दोन्ही नावे बदललेली बरी, असे त्यांनी सुचविले.

हाच प्रश्न कुकडीकाठी, जुन्नर तालुक्यातील येडगावच्या एखाद्या मेंढपाळास कोणी केला असता, तर "त्यात काय झाले?" असेच उत्तर बहुधा मिळाले असते. या तालुक्यात वडज व धामणखेल येथे खंडोबाची ठाणी आहेत, आणि कुत्र्यास खंड्या किंवा वाघ्या म्हणण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. खंड्या हे खंडोबाच्याच नावाचे लाडके रूप. वाघ्या म्हणजे त्या देवास वाहिलेला भक्त. तरीही कोणा भक्ताची मान खाली जात नाही. कारण उघड आहे. खंडोबा हा मार्तंडभैरव, आणि कुत्रा हे भैरवाचे वाहन. देवाच्या टाकावर घोड्याच्या पायाशी कुत्रा दिसतो. जेजुरीचे वाघ्ये पूर्वी कुत्र्याप्रमाणे भुंकून देवाची सेवा करीत. जेथे भक्तच स्वतःस देवाचा कुत्रा म्हणवितो, तेथे कुत्र्यास देवाचे नाव मिळाले म्हणून अपमान कोणाचा व्हावयाचा? पाण्याच्या काठी मासळीवर झडप घालणाऱ्या निळ्या पाखरासही मराठीत खंड्याच म्हणतात, ही गोष्ट तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

टिपू या नावाची गोष्ट निराळी. म्हैसूरचा टिपू सुलतान 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टणच्या लढाईत पडला. त्यास हिणविण्यासाठी इंग्रजांनी आपल्या कुत्र्यांना त्याचे नाव दिले, अशी वदंता आहे. ती खरी असो वा नसो, मराठी घरांतून हे नाव पुष्कळ काळ चालत आले, आणि ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात सुलतान नव्हताच. अंगावर टिपका असलेल्या पिलास टिपू म्हणणे किती सहज! पण दारातून मारलेली हाक शेजारीही ऐकतो. शेजारी मुसलमान असेल, तर त्याच्या घरी कुत्र्याची लाळ अपवित्र मानलेली असते. तेथे पराभूत सुलतानाचे नाव कुत्र्यास लागलेले ऐकून त्यास काय वाटत असेल, हे टिपक्याचा खुलासा करून भागत नाही. नाव ठेवणाऱ्याचा हेतू ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

इंग्रजांच्या स्वतःच्या घरातही हा प्रश्न उभा राहिला. मे 1943 मध्ये जर्मनीतील धरणे फोडणाऱ्या विमानदलाचा नायक गाय गिब्सन याच्या काळ्या कुत्र्याचे नाव म्हणजे काळ्या वर्णाच्या माणसांस दिली जाणारी शिवी होती. स्वारीच्या आदल्याच संध्याकाळी तो कुत्रा मोटारीखाली मेला. स्कॅम्प्टनच्या तळावरील त्याच्या थडग्याचा दगड 2020 साली बदलण्यात आला. नव्या दगडावर कुत्र्याची हकीकत आहे, नाव नाही. इतिहास पुसला म्हणून तक्रार झाली. परंतु ते नाव ग्रंथांत आहेच. दगडावर ते आदराने कोरलेले असणे ही वेगळी गोष्ट.

तथापि प्रत्येक हरकत सारख्या वजनाची नसते. सप्टेंबर 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पांढऱ्या वाघिणीच्या बछड्यांचे बारसे मंत्र्यांच्या हस्ते, चिठ्ठ्या काढून झाले. एका चिठ्ठीवर आदित्य हे नाव निघाले. विरोधी पक्षातील आदित्य ठाकरे यांचे ते नाव. तेव्हा चिठ्ठी बाजूस सारून दुसरी काढली आणि बछडा कान्हा झाला. सूर्याचे नाव राजकारणामुळे गेले, त्या जागी कृष्णाचे आले, आणि त्यावर मात्र कोणी देवाचा प्रश्न काढला नाही!

घरातील कुत्र्यापुरते पाहिले तर अडचण फारशी नाही. कुत्रा अर्थ ओळखत नाही, आवाज ओळखतो. टिपूचा टिकू केला आणि चार दिवस भाकरीचा तुकडा देताना तीच हाक मारली, की तो शेपूट हलवीत येतो. रुसतात ती घरची माणसे.