दाबमोज्यांचा इतिहास : बांधणाऱ्याच्या हातापासून मोजलेल्या दाबापर्यंत

पायांच्या फुगलेल्या शिरा, सूज आणि घोट्याजवळचे न भरणारे व्रण यांवर वापरल्या जाणाऱ्या घट्ट, लवचिक मोज्यांचा, म्हणजेच दाबमोज्यांचा, इतिहास पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पाय आवळून बांधला असता आराम पडतो, हे ज्ञान प्राचीन आहे. किती आवळावे, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकापर्यंत बहुतांशी बांधणाऱ्याच्या हातावरच सोपविलेला होता.

या प्रश्नाची जाणीव सुश्रुतसंहितेत आढळते. तेथे बंधांचे चौदा प्रकार सांगून गाढ, सम व शिथिल असे घट्टपणाचे तीन भेद केले आहेत आणि हातापायांसाठी सम बंध सांगितला आहे. अर्थात हा विचार व्रणबंधनाचा आहे. त्यावरून दाबमोजे मूळचे आपलेच असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा शल्यविशारद रिचर्ड वाइझमन याने १६७६ च्या ग्रंथात नाडीने आवळावयाच्या मोज्याचा उपचार नोंदविला. पुढे रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया साध्य झाली आणि १८४८ मध्ये विल्यम ब्राउन याने लवचिक मोज्यांचे पेटंट घेतले. तरीही दाब सर्वत्र सारखा असावा की कमीजास्त, हे अनिर्णितच राहिले.

याचे उत्तर एका रुग्णाकडून आले, ही या इतिहासातील सर्वांत लक्षणीय घटना होय. अमेरिकेतील टोलेडो येथे स्थायिक झालेले जर्मन अभियंता कॉनराड जोब्स्ट (१८८९–१९५७) स्वतः शिरांच्या विकाराने त्रस्त होते. पोहण्याच्या तलावात उभे राहिल्यावर पायांना आराम पडतो, हे त्यांच्या ध्यानी आले. निश्चल उभ्या माणसाच्या घोट्यातील शिरांत हृदयापर्यंतच्या रक्तस्तंभाचा भार पडून दाब सुमारे ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका होतो. तलावात बाहेरचे पाणीही खोलीनुसार दाबते. एक मीटर खोलीवर हा दाब सुमारे ७४ मिलिमीटर भरतो. म्हणजे जेथे आतला भार अधिक, तेथेच बाहेरचा आधारही अधिक. घोट्याशी सर्वाधिक व वर क्रमाने कमी होत जाणाऱ्या दाबाचा मोजा त्यांनी १९५० च्या सुमारास तयार केला, तो याच तत्त्वावर.

मोजमाप आल्यावर उपयोगाची मर्यादाही तपासता आली. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या रुग्णांत मांडीपर्यंतचे मोजे शिरांतील रक्ताच्या गुठळ्या रोखत नाहीत, उलट त्वचेस इजा करतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. गुठळीनंतरची दीर्घकालीन सूज व वेदना टाळण्यासही ते उपयोगी ठरत नाहीत, असा २०१४ च्या चाचणीचा निष्कर्ष होता. शिरांच्या व्रणांवर मात्र दाबोपचार आजही प्रमुख उपाय आहे. तोही पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णास घातक ठरू शकतो. म्हणून आवळण्यापूर्वी घोट्याचा व दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. मधुमेही रुग्णांत कठीण झालेल्या धमन्यांमुळे हे मापही फसवे ठरू शकते.