नंद राजाचा वाडा

नंदुरबार ही नंद गवळ्याची राजधानी, हे आमच्या घरात जन्मापासूनच कळायचं. राजाची गुरं सांजेला रानातून परतली की एवढी धूळ उठे, की गावात दिवेलागण लवकर करावी लागे, असं आबा सांगत.

"मग वाडा कुठंय?"

आबा मिरचीच्या पथारीकडे बोट करत. "आठे राजाना वाडा व्हता, भाऊ."

एका दुपारी मी काठी घेऊन तिथं उकरायला गेलो. वाळत घातलेल्या लाल मिरच्यांशिवाय काही दिसलं नाही आणि घरी येईपर्यंत शिंका थांबल्या नाहीत. आजी हसली. "त्यांना काय ठाऊक? वाडा तिकडे, इमाम बादशाहाच्या दर्ग्याच्या टेकडीखाली." शेजारचे बापू दोघांनाही मोडीत काढत. त्यांच्या मते वाडा रेल्वेच्या रुळांखाली गाडला गेला होता. म्हातारे तीन, जागा तीन, आणि तिघांचा आवाज सारखाच ठाम.

पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं, की खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी तापीकाठचं थाळनेर. मलिक राजा फारुकी 1399 साली वारला, त्याची कबर तिथंच आहे. तिथं किल्ल्याचे अवशेष आहेत, थडगी आहेत, हात लावून बघता येईल असा दगड आहे. जुनेपणच मोजायचं तर आमच्याच जिल्ह्यात तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा आहे. त्याला दक्षिण काशी म्हणतात. 1955 च्या उत्खननात तिथं ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. नंद राजाचं मात्र नावच उरलं होतं. मी मनातून जरा खट्टू झालो.

मग इब्न बतूता भेटला. महंमद तुघलकानं त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून धाडलं, तेव्हा 1342 च्या सुमारास दौलताबादहून गुजरातकडे जाताना तो आमच्या गावावरून गेला. त्यानं वाड्याबद्दल काही लिहिलं नाही. लिहिलं ते माणसांबद्दल: इथं मराठे राहतात, कारागिरीत तरबेज आहेत, वैद्य आणि ज्योतिषी आहेत; ही माणसं भात, भाजीपाला आणि तिळाचं तेल खातात आणि आंघोळ केल्याशिवाय जेवत नाहीत. हे वाचताना मला आजी दिसली. तापानं फणफणलेल्या पोरालाही ती ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय ताटावर बसू देत नसे. साडेसहाशे वर्षं टिकलेलं काही दाखवा म्हटलं, तर मी तेच दाखवीन.

वाड्यावरून भांडणारी ही तीन बोटं एका जागी मात्र कधी चुकली नाहीत. माणिक चौक. तिथून जाताना आबा चपला काढत. 'चले जाव'च्या ठरावाला महिना झाला होता. 9 सप्टेंबर 1942 ला गावातून तिरंगा घेऊन मिरवणूक निघाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण गेले. पोलिसानं मुलींवर बंदूक रोखली तेव्हा शिरीष पुढे झाला, हे आजी सांगायची आणि इथं येऊन तिचा आवाज दरवेळी बसायचा. कुठल्या कोपऱ्यावर पोलीस होते, झेंडा कुणाच्या हातात होता, लोक कुठल्या बोळात पांगले, यावर आबा, आजी आणि बापूंचं एकदाही वाजलं नाही.

नंद राजाचा वाडा अजून कुणाला सापडलेला नाही आणि मला आता तो शोधायचाही नाही. "राजा गया, गाव ऱ्हायनं," असं आबा म्हणत, ते मला पुरतं.

तुम्ही सुरत-भुसावळ गाडीनं कधी आमच्याकडे उतरलात, तर दंडपाणेश्वराला जा, दर्ग्याच्या टेकडीवर चढा, हिवाळा असेल तर पथाऱ्यांवरची मिरची बघा, फक्त नाकाला रुमाल लावून. पण आधी माणिक चौकात हुतात्मा स्मारकापाशी उभे राहा. बरोबर शाळकरी पोर असेल तर त्याला एवढंच सांगा, की त्या दिवशी शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता.