उशीर म्हणण्याचा हक्क

सोलापूरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीसमोर दिवसभर एकच प्रश्न घुमत असतो: "मंगळवेढ्याची गाडी अजून कशी लागली नाही?" मंगळवेढ्याच्या जागी अक्कलकोट, बार्शी, करमाळा, कोणतंही नाव घाला. प्रश्नातला वैताग रास्तच असतो. पण गाडीला उशीर झाला असं म्हणायला आधी तिची वेळ ठरलेली असावी लागते, ती कुणीतरी जबाबदारीने सांगितलेली असावी लागते आणि ती चुकली तर जाब विचारायला एखादी खिडकी लागते. सोलापूरच्या आसपासच्या बहुतेक खेड्यांना या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या त्याला जेमतेम पाऊणशे वर्षं झाली. स्वस्त प्रवासाचा इतिहास आपण तिकिटाच्या दरावरून मोजतो. माझ्या मते तो या वेळेच्या वचनावरूनही मोजायला हवा, आणि एसटीचा उशीर त्या वचनाच्या हिशेबात धरूनच तपासायला हवा.

यावर पहिला आक्षेप रेल्वेचा येईल, आणि तो खोटा नाही. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला, तेव्हाच घड्याळाची वेळ या शहरात आली. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीला धावू लागली आणि १९०६ मध्ये ती पंढरपुरापर्यंत गेली. मात्र रेल्वेची वेळ रुळांच्या दोन बाजूंनाच पुरते. करमाळ्याच्या माणसाला जेऊर गाठावं लागे, अक्कलकोटला जाणारा भाविक अक्कलकोट रोडला उतरला तरी गाव पुढे काही मैलांवर. ते अंतर बैलगाडीने नाहीतर पायी. १९२० नंतर या मधल्या पट्ट्यात खासगी मोटारी शिरल्या. त्यांच्या भाड्याला धरबंध नव्हता, एकाच रस्त्यावर दोन मालकांची ओढाताण चाले, आणि गाडी सुटायची ती भरली की. भरेपर्यंत बसून राहणाऱ्याला 'उशीर' हा शब्दच लागू पडत नाही, कारण वेळ कुणी दिलेलीच नसते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालकांना ठराविक मार्गांवर संघ करायला लावलं, ठरलेले थांबे आणि भाडी आली, थोडंफार वेळापत्रकही आलं. तेव्हा वेळापत्रक एसटीनेच शोधून काढलं असं म्हणता येणार नाही. पण संघाचं वेळापत्रक धंदा होणाऱ्या रस्त्यापुरतं होतं. तोट्याच्या वाटेवर गाडी नेण्याचं बंधन त्यात नव्हतं.

सोलापूर या बाबतीत फार चमत्कारिक जागी वसलेलं आहे. पूर्वेला काही कोसांवर निजामाची हद्द सुरू होई, आणि त्या राज्यात सरकारी बस १९३२ मध्येच निघाली होती: निजामाच्या रेल्वे खात्याचाच एक विभाग, २७ गाड्या आणि १६६ माणसं. म्हणजे लोकशाहीचा गंध नसलेल्या संस्थानाने जे केलं, त्यासाठी मुंबई इलाख्याला आणखी सोळा वर्षं लागली. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १ जून १९४८ रोजी अहमदनगर–पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. त्याच वर्षी सप्टेंबरात भारतीय फौज सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्याने हैदराबाद संस्थानात शिरली, आणि ज्या वाटेवर नाक्याचा अडसर होता ती वाट मोकळी झाली. १९५० च्या कायद्याने महामंडळ आलं. १९५६ मध्ये उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात आला, विजापूर म्हैसूर राज्यात गेलं, आणि सोलापूरच्या स्टँडवर दोन राज्यांच्या गाड्या शेजारी उभ्या राहू लागल्या. आजही सीमावाद पेटला की आधी या गाड्या थांबतात. इंडी किंवा आळंदला निघालेल्या माणसाच्या उशिराचं कारण तेव्हा यंत्रात नसतं, नकाशात असतं.

आता रोजचा उशीर. साधी गाडी मोहोळच्या किंवा मंद्रूपच्या पुढे गेली की वस्तीवस्तीवर हात होतो आणि घंटी वाजते. म्हातारी पायरी चढेपर्यंत कंडक्टर दुसरी घंटी देत नाही. शाळेच्या पासची पोरं, दुधाच्या किटल्या, गावाहून शहरात शिकणाऱ्या मुलाचा डबा, सगळ्यांनी थोडा थोडा वेळ घेतलेला असतो. त्यात गाळपाच्या हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्ता अडवून चालतात, भीमेला पूर आला की पंढरपूरकडचा रस्ता अडतो. आषाढीला तर राज्यभरातल्या गाड्या पंढरपुरात गोळा होतात आणि खेड्यांच्या फेऱ्या रद्द होतात. लग्नाच्या प्रासंगिक करारावर गाडी गेली तरी तेच. हे सगळे उशीर एका जातीचे नाहीत. हात दाखवला म्हणून थांबलेली पाच मिनिटं ही त्या तिकिटाचीच वस्तू आहे. ती काढून टाकली तर वस्तीवरचा माणूस रस्त्यातच राहील. जुनाट गाडी घाटात किंवा माळावर बंद पडते, दुसरी येत नाही, आणि फलाटावर कुणी काही सांगत नाही, तो उशीर मात्र निव्वळ हेळसांड आहे. दोन्हींना 'एसटी म्हणजे उशीरच' या एकाच गोणीत भरलं, तर हेळसांडीला सेवेची ढाल मिळते आणि सेवेला हेळसांडीची बदनामी.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. रोजंदारीवरच्या माणसाचे दोन तास गेले तर त्याचा दिवस बुडतो. गरिबाचा वेळ स्वस्त धरून केलेली सेवा ही सेवा कसली? पुणे–हैदराबाद रस्त्यावरच्या खासगी ट्रॅव्हल्स वेळ पाळतात ना? पाळतात, कारण त्या रस्ता निवडतात, प्रवासी निवडतात, वाटेतलं गाव गाळतात. मेक्सिकोने हाच प्रश्न वर्ग पाडून सोडवला. तिथे बसचा धंदा चालक-मालकांच्या गटांनी वाढवला. आडीओ ही त्यांची मोठी कंपनी १९३९ मध्ये अशीच उभी राहिली. पहिल्या वर्गाची गाडी शहरातून शहरात, दुसऱ्या वर्गाची गाडी हात दाखवेल तिथे. उशीर सरळ दुसऱ्या वर्गाच्या वाट्याला. आपल्याकडेही १९८२ च्या एशियाडनंतर निमआराम गाड्या आल्या, पुढे वातानुकूलित आल्या. तरी लाल गाडीमागे एकच महामंडळ राहिलं, आणि भरलेल्या मार्गाच्या पैशावर रिकाम्या मार्गाची फेरी चालत राहिली. वर प्रत्येक तिकिटातून १७.५ टक्के प्रवासी कर सरकारजमा होत गेला. ज्या सेवेकडून तोट्याची वाट चालवून घ्यायची तिच्याचकडून असा कर घेत राहायचं आणि मग गाड्या जुन्या का म्हणून विचारायचं, हे न्यायाचं नाही. मजुराच्या बुडालेल्या दिवसाचा जाब विचारायचा तो इथे.

वचन नसलं तर काय होतं हे २०२१ च्या हिवाळ्यात दिसलं. महामंडळाचं राज्य सरकारात विलीनीकरण करावं या मागणीसाठी एसटीचे कर्मचारी संपावर गेले आणि न्यायालयाने कामावर परतायला सांगेपर्यंत एप्रिल २०२२ उजाडला. त्या महिन्यांत खेड्यांतली माणसं वडापच्या खासगी जीपमध्ये बसून होती. जीप सुटणार कधी? भरली की. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारीचं उत्तर जसंच्या तसं परत आलं, आणि विचारायला खिडकी नव्हती. २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. सवलत मोठी आहे, पण ती गाडीत बसल्यावरच मिळते. रात्री गावात वस्तीला येणारी आणि तांबडं फुटताना सुटणारी मुक्कामी गाडी बंद झाली, तर अर्ध्या तिकिटाचा उपयोग कुणाला? पहाटेच्या त्या गाडीने दवाखान्यात, कॉलेजात, मंगळवारच्या बाजाराला येणाऱ्या गावांना महामंडळाकडून आधी हीच गाडी हवी आहे, आणि ती आज येणार नसेल तर आदल्या रात्रीच तसं कळायला हवं आहे.