टॉमचा नकार

चळवळीत एखाद्यावर 'अंकल टॉम' हा शिक्का मारला की पुढे बोलायचे काही उरत नाही. मालकापुढे लाचार, आपल्या माणसांशी बेइमान, हा त्याचा अर्थ. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. शिकून नोकरी धरलेल्या माझ्यासारख्यावर हा शिक्का कधीही उगारला जाऊ शकतो. म्हणून या नावाचा इतिहास मी वर्गात मुद्दाम मांडतो.

हॅरिएट बीचर स्टोव्ह या गोऱ्या लेखिकेची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने आली. पळालेला गुलाम पकडून देण्यास उत्तरेतल्या नागरिकांनाही भाग पाडणारा कायदा १८५० साली झाला होता. त्याच्या संतापातून ती लिहिली गेली. अमेरिकेत पहिल्याच वर्षी तिच्या सुमारे ३ लाख प्रती खपल्या. या कादंबरीतला टॉम म्हातारा नाही. तो धट्टाकट्टा, रुंद छातीचा, लहान मुलांचा बाप आहे. मळेवाला लेग्री त्याला एका गुलाम स्त्रीला फटके मारायला सांगतो. टॉम नाही म्हणतो. पुढे कॅसी आणि एमेलिन या दोघी निसटतात. त्यांचा ठावठिकाणा टॉमला माहीत असतो. तो सांगत नाही आणि मार खाऊन मरतो. मारणारे हात सॅम्बो आणि क्विम्बो या गुलामांचेच असतात.

मग हा माणूस लाचारीचे प्रतीक कसा झाला? तो नाटकवाल्यांनी केला. त्या काळी अमेरिकेत कादंबरीचे नाटक करायला लेखकाची परवानगी लागत नसे. तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी गावोगाव टॉम उभा केला. पांढऱ्या केसांचा, वाकलेला, मालकाच्या मायेने गहिवरणारा. यादवी युद्धानंतरही अनेक दशके हे खेळ चालले. त्यांत टॉमचा नकार मागे पडला, नम्रता तेवढी उरली. विसाव्या शतकात काळ्या कार्यकर्त्यांनी शिवी म्हणून जे नाव वापरले, ते मुख्यतः या रंगवलेल्या टॉमचे.

दोष कादंबरीतही आहे. स्टोव्हबाईंनी टॉमला ख्रिस्ती सहनशीलतेचा संत केले; बंडखोर जॉर्ज हॅरिसला शेवटी लायबेरियाला धाडले. ताठ मानेच्या काळ्या माणसाला अमेरिकेतच जागा देणे त्यांच्या कल्पनेला झेपले नाही. फ्रेडरिक डग्लस यांनी मात्र १८४५ सालीच आत्मकथनात वेगळा माणूस मांडला होता. गुलामांना वठणीवर आणणाऱ्या कोव्हीशी झटापट करून त्याला नमवणारा हा माणूस म्हणजे ते स्वतःच. भोगलेल्याने लिहिले की माणूस असा उभा राहतो.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. तेव्हापासून १९७२ च्या दलित पँथरपर्यंत तिकडच्या लढ्याशी आपण नाते सांगत आलो. ते खरेच आहे. पण 'अंकल टॉम' ही शिवी उचलताना ती कोणाच्या तिकीटबारीवरून आली, हे पाहिले पाहिजे. दोन बायांचा पत्ता न सांगता मेलेला माणूस बेइमान ठरला आणि त्याला रंगवून विकणारे नामानिराळे राहिले. आपल्यातल्या कोणाला हे नाव देण्याआधी एवढे तरी विचारावे : त्याने कोणाचा पत्ता दिला?