एम्शर नदीचा जीर्णोद्धार

जर्मनींतील रूर प्रदेशांत कोळशाच्या खाणींमुळें जमीन खचे, एम्शर नदीचें मलिन पाणी तुंबून गांवांत शिरे आणि रोगराई पसरे. खचत्या भूमींत भुयारी गटारें टिकत ना. म्हणून १८९९ सालीं तेथील नगरें, खाणी व कारखाने यांनीं बोखुम येथें सहकारी संघ स्थापिला व नदीसच सरळ करून उघडें गटार बनविलें. पुढें खाणकाम उत्तरेकडे सरकलें, भूमि स्थिरावली. तेव्हां १९९२ पासून त्याच संघानें उलट कार्य आरंभिलें. डोर्टमुंड ते डिन्सलाकेन ५१ किलोमीटर भुयारी गटार बांधलें आणि २०२१ अखेर नदी सांडपाण्यापासून मुक्त झाली. तात्पर्य, हा जीर्णोद्धार केवळ सदिच्छेचें फळ नव्हे. भूमि स्थिरावणें आणि खर्च वांटून घेण्याची शतकभराची वहिवाट, हीं त्याचीं खरीं कारणें होत.